एकाच वेलीची दोन नावे

सन १८४९ च्या आगेमागे युरोपातील दोन शहरांत एकाच वेलीचे दोनदा बारसे झाले. कोपनहेगनच्या फ्रेडरिक लिबमान यांनी तिला ‘मोन्स्टेरा डेलिसिओसा’ म्हटले. बर्लिनच्या वनस्पति-उद्यानात कार्ल कुंथ आणि कार्ल डेव्हिड बूशे यांनी तिचे नाव ‘फिलोडेंड्रॉन पर्ट्युसम’ असे नोंदवले. शास्त्राने पुढे कोपनहेगनचे नाव मान्य केले. बाजाराने मात्र बर्लिनचे नाव आजतागायत सोडलेले नाही. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात दिसणारी ती मोठ्या, चिरलेल्या पानांची वेल अजूनही अनेक रोपवाटिकांत ‘स्प्लिट-लीफ फिलोडेंड्रॉन’ या नावाने विकली जाते. त्यात भर म्हणजे, याच नावाने ब्राझीलचे एक निराळेच झाड तिच्या शेजारी मांडलेले असते.

हा गोंधळ निव्वळ विक्रेत्यांच्या अज्ञानाचा नव्हे. त्याची मुळे वनस्पतिशास्त्राच्या इतिहासात आहेत.

अमेरिका खंडातील भोके पडलेल्या पानांची वेल युरोपीय अभ्यासकांना सतराव्या शतकापासून ठाऊक होती. फ्रेंच वनस्पतितज्ज्ञ शार्ल प्लूमिए यांनी कॅरिबियन बेटांवरील अशा वेलीचे चित्र १६९३ मध्ये प्रसिद्ध केले. १७५३ साली लिनिअस यांनी तिला ‘ड्रॅकोंशियम पर्ट्युसम’ असे नाव दिले. लॅटिनमध्ये ‘पर्ट्युसम’ म्हणजे भोके पडलेले. दहा वर्षांनी मिशेल अॅडन्सन यांनी अशा वेलींसाठी ‘मोन्स्टेरा’ हा स्वतंत्र वंश मांडला.

इकडे हिंदुस्थानात विल्यम रॉक्सबर्ग यांच्यासमोरही सच्छिद्र पानांची एक वेल आली. कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानाचे हे अधीक्षक. त्यांनी तिला ‘पोथॉस पर्ट्युसस’ म्हटले. सह्याद्रीच्या ओलसर रानांत झाडांच्या बुंध्यांवर चढणारी ही वेल आज ‘ऱ्हॅफिडोफोरा पर्ट्युसा’ या नावाने ओळखली जाते. म्हणजे कॅरिबियन बेटांची एक, हिंदुस्थानची एक आणि मध्य अमेरिकेची एक, अशा तीन वेगळ्या वेलींना तीन पिढ्यांतील अभ्यासकांनी एकच विशेषण लावले. प्रत्येकाची नजर पानावरच्या भोकावर खिळली आणि प्रत्येकाला तीच खूण पुरेशी वाटली.

लिबमान यांनी मात्र पान बाजूला ठेवले आणि फळाकडे पाहिले. १८४० च्या दशकाच्या आरंभी ते मेक्सिकोत वनस्पतिसंग्रह करीत होते. तेथील लोक ही वेल केवळ शोभेची मानत नव्हते. तिच्या लोंबत्या मुळांच्या टोपल्या विणल्या जात, तिचे फळ खाल्ले जात असे. ‘डेलिसिओसा’ म्हणजे स्वादिष्ट. तीनही ‘पर्ट्युसम’पेक्षा हे नाव अधिक शहाणपणाचे म्हणावे लागेल, कारण त्यात त्या वेलीसोबत राहणाऱ्या माणसांच्या अनुभवाचा अंश उतरला आहे.

फळ मक्याच्या लांबट कणसासारखे दिसते, पण वर दाण्यांऐवजी हिरव्या षट्कोनी खवल्यांची नक्षी असते. पिकायला वर्ष, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. पिकू लागले की खवले देठाकडून टोकाकडे आपोआप गळत जातात, आणि जेवढे खवले गळाले तेवढाच भाग खाण्याजोगा झाला असे समजायचे. चव अननस आणि केळे यांच्या मधली. घाई केली तर मात्र जिभेची आणि घशाची आग होते. अळूच्या कुळातली ही वेल आहे, एवढे सांगितले की मराठी स्वयंपाकघराला निराळे स्पष्टीकरण नको. सुरण आणि खाजरे अळू ज्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या स्फटिकांमुळे खाजतात, तेच स्फटिक या कच्च्या फळातही असतात. पानांतही असतात, म्हणून कुंडी रांगत्या मुलाच्या किंवा मांजराच्या तोंडाशी येईल अशी ठेवू नये.

मग बर्लिनच्या विद्वानांना ही वेल फिलोडेंड्रॉन का वाटली असावी? कुंथ साधा माणूस नव्हता. हंबोल्ट आणि बाँप्लाँ यांनी अमेरिकेतून आणलेल्या प्रचंड संग्रहाचे वर्गीकरण त्याच्याच हातून झाले होते. अडचण या कुळाच्या स्वभावातच आहे. ‘फिलोडेंड्रॉन’ हे नाव व्हिएन्नाच्या हाइन्रिख शॉट यांनी रूढ केले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘वृक्षप्रेमी’. वृक्षावर प्रेम करणाऱ्या वेली या कुळात डझनावारी आहेत, आणि फुलोरा नसताना त्या एकमेकींसारख्या दिसतात. खरा भेद फुलोऱ्यातील दांड्यावर असतो. मोन्स्टेराच्या दांड्यावरील प्रत्येक इवल्या फुलात स्त्रीकेसर आणि पुंकेसर दोन्ही असतात. फिलोडेंड्रॉनमध्ये मादी फुले खाली, नर फुले वर, अशी सरळ वाटणी असते. पण युरोपातल्या घरांतील कुंड्यांमध्ये ही झाडे क्वचितच फुलत. शास्त्र फुलावरून नाव ठरवी, माळी पानावरून झाड ओळखी. जे झाड फुलतच नाही, त्याच्या बाबतीत माळ्याचेच राज्य चालले.

त्या राज्याचा विस्तारही याच काळात झाला. लंडनचे डॉक्टर नथॅनिएल वॉर्ड यांच्या बंद काचपेटीमुळे उष्ण प्रदेशातील रोपे महिनोन् महिने समुद्रप्रवास करून जिवंत पोहोचू लागली. १८४५ मध्ये ब्रिटनने काचेवरील कर रद्द केला आणि काचगृहे स्वस्त झाली. रानातली वेल दिवाणखान्यात आली ती अशी, आणि येताना चुकीची चिठ्ठी गळ्यात बांधूनच आली.

आता शेजारी उभ्या असलेल्या त्या दुसऱ्या झाडाकडे वळू. दक्षिण अमेरिकेतील, मुख्यतः ब्राझीलचे हे झाड खरोखरच फिलोडेंड्रॉन मानले जात असे. ‘बायपिनॅटिफिडम’ आणि ‘सेलोअम’ ही त्याची दोन प्रचलित नावे. ‘सेलोअम’मध्ये फ्रीडरिख सेलो या जर्मन संग्राहकाची स्मृती आहे; तो १८३१ मध्ये ब्राझीलमधील दोसी नदीत बुडून मरण पावला. या झाडाचा फुलोरा स्वतःची उष्णता निर्माण करतो. १९७२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार भोवतालचे तापमान ४ अंशांपासून ३९ अंशांपर्यंत बदलत असतानाही त्याने आपला गाभा ३८ ते ४६ अंश सेल्सिअसवर राखला. उष्णरक्ताच्या प्राण्याला शोभावे असे हे वर्तन! २०१८ मध्ये संशोधकांनी हा संपूर्ण गट फिलोडेंड्रॉनमधून वेगळा काढला आणि शॉट यांनीच पूर्वी सुचवलेले ‘थॉमॅटोफायलम’, म्हणजे अद्भुतपर्ण, हे नाव पुन्हा प्रचारात आणले. परिणामी आज ‘स्प्लिट-लीफ फिलोडेंड्रॉन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या दोन्ही झाडांपैकी एकही फिलोडेंड्रॉन नाही.

फुलाची वाट न पाहता या दोघांना ओळखता येते. मोन्स्टेराच्या प्रौढ पानात कडेपासून आलेल्या चिरा असतातच, शिवाय मधल्या शिरेजवळ बंदिस्त भोकेही असतात. पाते जेथे देठाला मिळते तेथे गुडघ्यासारखा सांधा दिसतो, त्यावर पाते उजेडाकडे वळते. थॉमॅटोफायलमच्या पानाला कडेच्या खोल, झालरदार चिरा असतात, आत भोक नसते. त्याचे खोड जाड होऊन झाडासारखे उभे राहते आणि गळालेल्या पानांचे वण त्यावर डोळ्यांसारखे उमटतात.

नावाच्या या घोळाला अलीकडे पैशाचेही परिमाण आले आहे. ‘मिनी मोन्स्टेरा’ म्हणून विकली जाणारी वेल मोन्स्टेरा नाही आणि अमेरिकेचीही नाही. थायलंडचा दक्षिण भाग आणि मलाय द्वीपकल्प हे तिचे घर. जोसेफ हूकर यांनी १८९३ मध्ये ‘फ्लोरा ऑफ ब्रिटिश इंडिया’त तिचे वर्णन ‘ऱ्हॅफिडोफोरा टेट्रास्पर्मा’ या नावाने केले. म्हणजे ती आपल्या सह्याद्रीतील सच्छिद्र वेलीची चुलत बहीण. २०२१ मध्ये न्यूझीलंडमधील एका ऑनलाइन लिलावात तिचे पांढरे डाग असलेले, अवघ्या आठ-नऊ पानांचे एक रोप २७ हजार न्यूझीलंड डॉलरहून अधिक किमतीला गेले. ‘मोन्स्टेरा ऑब्लिका’ या दुर्मीळ जातीच्या नावाखाली साधी ‘अॅडन्सोनी’ गळ्यात मारण्याचे प्रकारही याच हौसेतून वाढले.

ज्यांना परदेशी वेल नको, त्यांनी नारळाच्या किंवा आंब्याच्या बुंध्यावर चढलेला जुना मनीप्लांट पाहावा. बाटलीत तळहाताएवढे पान घेऊन बसणारी ती वेल झाडावर चढली की सुपाएवढी पाने धरते आणि ती पानेही कडेने चिरत जातात. तिचे मूळ गाव पॅसिफिकमधील मोरेआ बेट. तीही सहसा फुलत नाही, आणि त्यामुळे तिचेही नाव शास्त्रज्ञांनी १८८० पासून १९६४ पर्यंत पोथॉस, सिंडॅप्सस, ऱ्हॅफिडोफोरा आणि एपिप्रेम्नम अशा चार वंशांत फिरवले.

मनीप्लांटचे हे रूपांतर मोन्स्टेरा वाढवण्याची किल्लीही सांगून जाते. रानात रुजलेल्या कोवळ्या वेलीला आधी उजेड नको असतो, आधार हवा असतो. १९७५ मध्ये डोनाल्ड स्ट्राँग आणि थॉमस रे यांनी याच वंशातील एका वेलीवर दाखवून दिले, की तिची रोपे प्रकाशाकडे न जाता जवळच्या सर्वांत गडद सावलीकडे, म्हणजे मोठ्या बुंध्याकडे, सरपटत जातात. बुंधा सापडल्यावर चढण सुरू होते, आणि चढताना पाने मोठी व सच्छिद्र होत जातात. भोके का, याचे एक पटण्याजोगे उत्तर ख्रिस्तोफर म्यूर यांनी २०१३ मध्ये मांडले. दाट रानाच्या तळाशी ऊन कवडशांनी येते. तेवढ्याच पानाचा पसारा भोकांमुळे अधिक जागेवर पसरतो, आणि एखादा तरी कवडसा हाती लागण्याची खात्री वाढते.

म्हणून कुंडीतल्या मोन्स्टेराला भोके पडत नाहीत अशी तक्रार असेल, तर खत वाढवण्यापूर्वी काठीचा विचार करावा. काथ्या गुंडाळलेली जाड काठी मध्यभागी रोवावी, लोंबती मुळे कापू नयेत, ती काठीकडे किंवा मातीत वळवावीत. खिडकीजवळचा भरपूर, पण गाळलेला उजेड द्यावा. वैशाखातले दुपारचे ऊन पान करपवते. कोकणात आणि गोव्यात ती झाडाखालच्या जमिनीतच उत्तम वाढते. पाणी वरची माती सुकल्यावरच, आणि कुंडीच्या तळाचे भोक मोकळे हवे. नवे रोप करताना पेर असलेलाच तुकडा घ्यावा. नुसते पान देठासह पाण्यात ठेवले तर त्याला मुळे फुटू शकतात, महिनोन् महिने ते हिरवेही राहते, पण त्यातून कोंब कधीच येत नाही. ऑनलाइन मागवलेल्या पाकिटातून हाती पडते ते पुष्कळदा असेच बिनपेराचे पान असते.