खिशावरचे नाव : सुई की शाई?

कामगाराच्या सदऱ्याच्या खिशावर कंपनीचे नाव असते. ते कधी दोऱ्याने भरलेले असते, तर कधी शाईने छापलेले. यातले कोणते चांगले, हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा वाटतो. परंतु त्यामागे दोन निराळ्या तंत्रांचा इतिहास आहे.

फ्रान्समधील म्युलूझ येथे जोस्युए हाइलमान याने १८२८ मध्ये भरतकामाचे यंत्र बनवले. दोन्ही टोकांना अणी आणि मध्ये नेढे अशा अनेक सुया त्यात एकाच वेळी चालत. मोठ्या आराखड्यावरून दांडीचे टोक फिरवले, की कापडाची चौकट तशीच, पण लहान प्रमाणात सरके. मात्र दोरा संपला, की सुया पुन्हा ओवाव्या लागत. १८६३ मध्ये स्वित्झर्लंडच्या इझाक ग्रोब्लीने शिवणयंत्रातील धोटा या कामी आणला. एक दोरा सुईचा, दुसरा धोट्याचा, दोन्ही अखंड. धोटा होडीच्या आकाराचा, म्हणून यंत्राचे नाव 'शिफली', म्हणजे छोटी होडी.

छपाईची वाट वेगळी. मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमनने १९०७ मध्ये ताणलेल्या रेशमी जाळीतून छापण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. जाळीचा नको तो भाग बुजवायचा. उरलेल्या छिद्रांतून शाई कापडावर उतरते.

या फरकातूनच खर्चाचे गणित निघते. छपाईत प्रत्येक रंगाला वेगळी जाळी लागते. ती करण्याचा खर्च दहा सदऱ्यांसाठी जेवढा, तेवढाच हजारांसाठी. म्हणून नग वाढले, की छपाई स्वस्त पडते. भरतकामाचा खर्च मुख्यतः टाक्यांच्या संख्येवर ठरतो.

टिकाऊपणाचे काय? टाका कापडात गुंतलेला असतो, तर शाईचा जाड थर बराचसा वर बसतो. वारंवार कडक धुलाई झाली, की थराला तडे जातात, दोरा टिकतो. मग भरतकामच श्रेष्ठ का? तसेही नाही. पातळ कापड टाक्यांनी चुणते. पावसाळी कोटाला सुईने भोके पाडली, तर तेथूनच पाणी झिरपते, आणि भिजतो तो कामगार! उलट लाल पॉलिएस्टरवर पांढरी शाई तापवून पक्की करताना कापडातील रंगाची वाफ होऊन शाईत शिरू शकते आणि अक्षरे गुलाबी होतात.

तेव्हा आधी विचारायचे ते हे : कपडा कोण, कोठे घालणार?

आपल्या विद्यार्थ्यांना गणवेशावरचे बोधचिन्ह उलट बाजूने पाहायला सांगा. मागे दोरे दिसतात का, एवढ्यावरून चर्चा सुरू करता येईल.