दीड फुटाची भिंत आणि पाच मीटर पाणी

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी "सोसायटीचा इतिहास तुम्हीच लिहा, तुमच्याकडे जुनी कागदपत्रं आहेत," असं कमिटीने मला सांगितलं. कागदपत्रं आहेत हे खरं. पण कोण कधी अध्यक्ष झाले, लिफ्ट कधी बसली, पाण्याची टाकी किती सभांनंतर मंजूर झाली, हे सगळं अहवालात येणारच आहे. फायली चाळताना माझं लक्ष भलत्याच गोष्टीकडे गेलं. आपली जमीन गुंठ्यात, खरेदीखत चौरस मीटरमध्ये, फ्लॅट चौरस फुटात, वाळू ब्रासमध्ये, सळया मिलिमीटरमध्ये आणि नळ अर्धा इंची! एकाच इमारतीत इतकी मापं गुण्यागोविंदाने नांदतात. दोनदा मात्र त्यांचं भांडण झालं आणि त्याची झळ आपल्याला लागली. त्या दोन गोष्टी लिहून ठेवाव्यात, असं वाटलं.

थोडं मागे जातो. १ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणी आली, तेव्हा मी नुकताच शाळेत जायला लागलो होतो. तोवर रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. आता एकदम शंभर 'नये पैसे'. चार आण्यांचे पंचवीस आणि आठ आण्यांचे पन्नास सरळ होत होते. पण एका आण्याचे सव्वासहा! पाव पैशाचं नाणं कुठून आणायचं? मग आण्याला सहा नये पैसे धरायचे. एकेक आणा करून रुपया मोडला, तर सोळा सक शहाण्णव, म्हणजे चार पैशांची खोट. आमच्या आजीला हा हिशेब शेवटपर्यंत पटला नाही. "सरकारने माझे चार पैसे खाल्ले," असं ती म्हणायची. शाळेत मात्र गुरुजींनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ करून घेणं सोडलं नाही. पुढे बँकेत तोंडी हिशेब करताना तेच पाढे कामाला आले. 'नये' हा शब्द १९६४ साली गेला. पाव रुपयाचं नाणंही ३० जून २०११ नंतर बाद झालं. तरी 'सोळा आणे खरं' आपण अजून म्हणतोच, आणि पिकाची 'पैसेवारी' सरकारदरबारी रूढ झाली तरी गावात तिला 'आणेवारी'च म्हणतात.

नाण्यांपाठोपाठ वजनं बदलली. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक वजनं ठरली, १ ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि १९६२ पर्यंत दुकानांतून शेर-मण कायद्याने हद्दपार झाले. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. किलो त्याहून थोडा मोठा. त्यामुळे किलोचा भाव शेरापेक्षा जास्त दिसे आणि "महागाई झाली" म्हणून बाजारात कुरकुर होई. भात मात्र मापाने मोजायचं. चार शेरांची पायली आणि वीस मणांची खंडी. घरोघरची पायली अडगळीत गेली, तरी वडीलधारी माणसं भाताचा अंदाज अजून खंडीतच सांगतात.

तोळ्याने तर बँकेत माझी परीक्षाच घेतली. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आज सराफ आणि आपण ज्याला तोळा म्हणतो तो १० ग्रॅमचा. सोनेतारण कर्जासाठी एक आजी पाटल्या घेऊन आल्या. "सासूबाईंनी घातलेल्या, पाच तोळ्यांच्या," असं त्यांनी सांगितलं. काट्यावर भरले ५८ ग्रॅम. पारखणारा म्हणाला, "पाच तोळे आठ ग्रॅम." आजी घाबरल्या. "मी खोटं बोलले असं नाही ना होणार?" त्यांना समजावून सांगितलं, की तुमच्या सासूबाईही खऱ्या आणि आमचा काटाही खरा, दोघांचा तोळा तेवढा वेगळा. तेव्हापासून दागिन्यांची यादी करणाऱ्या प्रत्येकाला मी सांगत आलो, तोळे लिहू नका, ग्रॅम लिहा. आईच्या वहीतल्या 'दहा तोळ्यां'त जुन्या-नव्याचा फरक साडेसोळा ग्रॅमचा पडतो. दोन भावांचं बोलणं बंद व्हायला तेवढं पुरतं.

आता आपल्या जमिनीकडे येऊ. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. हा ३३ आला कुठून? इंग्लंडात एडमंड गंटर नावाच्या गणितज्ञाने सतराव्या शतकात ६६ फुटी साखळी रूढ केली. अशा दहा चौरस साखळ्यांचा एक एकर. आपल्या मुंबई इलाख्याच्या मोजणीत तिची निम्मी, ३३ फुटांची साखळी वापरली आणि तिचे भाग पाडले सोळा, त्यांना नाव दिलं 'आणे'. म्हणजे रुपयाचे आणे गेले तसे जमिनीचेही आणे होते! साखळी साहेबाची आणि हिशेब आपला, अशी ती जोडी. पुढे सातबारावर हेक्टर-आर आले. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा आहे १०१.१७ चौरस मीटरचा. इतका जवळ, की लोक दोन्ही एकच समजतात. खरा घोटाळा होतो तो इथेच.

आपली सोसायटी १९९९ साली नोंदली गेली. प्लॉट अठरा गुंठ्यांचा. काही वर्षांनी जमीन सोसायटीच्या नावावर करून घ्यायचं खरेदीखत तयार होऊ लागलं. मसुदा वाचायला माझ्याकडे आला. त्यात लिहिलं होतं, 'क्षेत्र १८ गुंठे म्हणजेच १८०० चौ. मी.' कुणी फसवायला लिहिलं नव्हतं, सरळ शंभराने गुणून टाकलं होतं. खरा आकडा १८२१. फरक २१ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २२७ चौरस फूट. कमिटीतले एकजण म्हणाले, "अहो, एका खोलीएवढी तर जागा, सोडून द्या." तेवढ्यात पूर्वेकडच्या शेजाऱ्यांना मसुद्याची कुणकुण लागली आणि त्यांनी कुंपणाच्या भिंतीचा विषय काढला. तुमचे मीटर अठराशेच, तेव्हा भिंत आत घ्या! आपली पूर्वेची हद्द दीडशे फूट. २२७ ला दीडशेने भागा, दीड फूट येतो. दीड फूट आत म्हणजे गाड्यांचा रस्ता गेला आणि विहिरीचा कठडाही गेला.

सहा महिने दोन्हीकडून तोंडं फिरलेली होती. गणपतीचा प्रसादसुद्धा भिंतीपलीकडे गेला नाही. शेवटी रीतसर सरकारी मोजणी झाली, हद्दीच्या खुणा पक्क्या झाल्या आणि भिंत आहे तिथेच बरोबर निघाली. खतात आधी चौरस मीटर आणि मग गुंठे, दोन्ही नीट लिहिले. शेजाऱ्यांनीही मोठ्या मनाने मान्य केलं, आणि पुढच्या वर्षी पहिला मोदक त्यांच्याकडूनच आला.

बांधकामातही हीच गंमत. वाळू ब्रासने येते, शंभर घनफुटांचा एक ब्रास, म्हणजे २.८३ घनमीटर. सळई बारा मिलिमीटरची असली तरी गवंडी तिला चार सुती म्हणतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, चार सुतांचे खरे तर १२.७ मिलिमीटर होतात. 'दोन बाय दोन'ची लादी असते ६०० मिलिमीटरची, दोन फुटांना जवळजवळ एक सेंटिमीटर कमी. वीस फुटांच्या हॉलला दहा लाद्या आणल्या, की भिंतीपाशी चार इंचांची फट उरते. आपल्यातल्या अनेकांनी ती पट्टी वेगळी कापून बसवली आहे. इथे हसून सोडून देता येतं.

पण दुसरी गोष्ट हसण्यासारखी नाही. तळमजल्यावरच्या वहिनींना विचारूनच ती लिहितो आहे.

२१ जुलै २०२१ ची रात्र. पाऊस कोसळत होता. रात्री उशिरा माझ्या फोनवर निरोप आला, 'वाशिष्ठी पाचवर, अजून वाढतेय.' पाच काय, ते लिहिलेलं नव्हतं. माझ्या डोक्यात आले फूट. २००५ चा पूर मी पाहिला आहे. पुराच्या गप्पा आपण सगळे फुटातच मारतो, गुडघाभर, छातीभर, अमुक फूट. नदीत पाच फूट पाणी म्हणजे रोजचंच. वहिनींनी जिन्यातून विचारलं, "भाऊजी, सामान वर चढवू का?" मी म्हणालो, "घाई नको, सकाळी बघू."

नदीची पातळी मीटरमध्ये सांगतात. चिपळूणला वाशिष्ठीची इशारा पातळी ५ मीटर आणि धोका पातळी ७ मीटर. तो 'पाच' म्हणजे साडेसोळा फूट होता. तो इशारा होता, आणि मी तो दिलासा म्हणून पुढे दिला. पहाटे पाणी आत आलं. माणसं वर आली, सुखरूप राहिली. आतलं काही राहिलं नाही. फ्रिज आणि गादी पुन्हा घेता आली. वहिनींच्या यजमानांची हस्ताक्षरातली वही आणि लग्नाचे फोटो पुन्हा आले नाहीत. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, म्हणून ते जास्त लागलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या आकड्यांना "एकक कुठे आहे?" विचारणारा मी, त्या रात्री विचारायला विसरलो.

मोठमोठ्यांचंही असं झालेलं आहे. १९८३ साली कॅनडात एका विमानात किलोग्रॅमऐवजी पौंडांचा हिशेब धरून इंधन भरलं. हवे होते २२,३०० किलो, भरले गेले तेवढे पौंड, म्हणजे निम्म्याहून कमी. विमान आकाशात बंद पडलं. वैमानिकाच्या कौशल्याने सगळे वाचले. आपली सोसायटी नोंदली गेली त्याच १९९९ साली अमेरिकेचं मंगळाकडे गेलेलं यान हरवलं. एका गटाचे आकडे पौंडात, दुसऱ्याने ते मेट्रिक समजून वापरले. शास्त्रज्ञांचं असं होतं, तर आपलं काय? पण या विचाराने वहिनींची वही परत येत नाही.

आपल्याकडे तर पावसाळ्याची एक बातमी पाच मापांत येते. पाऊस मिलिमीटरमध्ये, नदी मीटरमध्ये, कोयनेचा साठा टीएमसीत, विसर्ग क्युसेकमध्ये आणि घरातलं पाणी फुटात. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. २५ मिलिमीटर म्हणजे एक इंच पाऊस. एवढं प्रत्येक घरात माहीत असावं.

पुरानंतर आपण जिन्याच्या खांबावर पट्टी रंगवली, डावीकडे फूट आणि उजवीकडे मीटर. २०२१ ची लाल रेघ ५ फूट ६ इंचांवर आहे, शेजारी १.६८ मीटर लिहिलं आहे. मुलं तिथे पाठ लावून आपली उंची मोजतात, ते पाहून बरं वाटतं. माझी एक सूचना आहे. नदीतले पाच मीटर म्हणजे आपल्या अंगणातले पाच मीटर नव्हेत, ती नदीतल्या पट्टीवरची उंची. म्हणून दर पावसाळ्यात पाणी आपल्या गेटला लागेल, तेव्हा नदीची पातळी किती मीटर होती, ते वेळेसह वॉचमनच्या वहीत लिहावं. चार-पाच नोंदी झाल्या, की आपलं आपल्याला कळेल, कितीवर सामान वर न्यायचं.

वही मी आणून दिली आहे. पहिल्या पानावर रकाने आखलेत, आणि प्रत्येक रकान्यावर माप लिहिलं आहे. वहिनींनी ते तपासून घेतलं.