लेणे आईचे, नाव लेकाचे

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरात चोवीस लेणी आहेत. त्यांपैकी तिसऱ्याला अभ्यासक ‘गौतमीपुत्र विहार’ म्हणतात. त्याच्या ओसरीतला मोठा लेख मात्र सांगतो, की वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी हे लेणे भिक्षुसंघाला दिले ते गौतमी बलश्रीने. गौतमीपुत्राचे भूमिदानाचे लेखही तिथेच आहेत, म्हणून त्याचे नाव अगदीच निराधार नाही. पण आईचे नाव मथळ्यातून गेले ते गेलेच.

हा अपवाद की प्रघात, हे पाहण्यासाठी मी संगणकावर साधे कोष्टक मांडले. लेण्याचे रूढ नाव, लेखातला दाता आणि कालगणनेपुरता आलेला राजा, असे तीन रकाने केले. एमिल सेनार यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात (१९०५-०६) दिलेली वाचने त्यांत भरली. पहिले दोन रकाने जिथे जुळत नाहीत, त्या ओळी वेगळ्या काढल्या.

विसावे लेणे ‘श्रीयज्ञ विहार’. बोपकी यतीने सुरू केलेले आणि बरीच वर्षे अपुरे राहिलेले हे काम महासेनापती भवगोपाची पत्नी वासू हिने पुरे केले. यज्ञ सातकर्णी लेखात येतो तो सातवे राज्यवर्ष सांगण्यापुरता. दहावे ‘नहपान विहार’. दाता त्याचा जावई उषवदात; खोली दान देणारी दक्षमित्रा ही नहपानाची मुलगी. फर्ग्युसन आणि बर्जेस यांच्या १८८० च्या ग्रंथातही ही लेणी राजांच्याच नावांनी ओळखली जातात. त्यांना राजवंशांचा क्रम लावायचा होता. तिसरा रकाना त्यांच्या कामाचा होता, दुसरा नव्हता.

चार-दोन लेण्यांसाठी संगणक कशाला, असे कुणी विचारील. पण संग्रहालयांच्या हजारो नोंदींत ‘अमक्याची पत्नी’, ‘अज्ञात कारागीर’ असे शब्द किती वेळा आणि कुणासाठी येतात, हे हाताने मोजणे अवघड. मोजणी यंत्र करील. रकाने कोणते, हे मात्र माणसानेच ठरवायचे. जुन्याच सूच्या शिकवून तयार केलेले यंत्र जुनीच चूक अधिक वेगाने करील.

म्हणून रूढ नाव पुसू नये. त्याशेजारी दात्याचे नाव लिहावे आणि रूढ नाव कुणी, कधी दिले तेही नोंदवावे. बलश्री स्वतःला राजाची माता आणि राजाची आजी म्हणवते, तेही तसेच राहू द्यावे. तिच्या मुलाने तर आईचेच नाव लावले होते. आपल्या सूचीत तिला निदान एक रकाना मिळावा.