‘भाडेकरू सहभागीदारी’ आणि लंडनजवळचं एक खेडं

सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र कधी नीट वाचलंय? बऱ्याच फ्लॅटवाल्या सोसायट्यांच्या प्रमाणपत्रावर ‘भाडेकरू सहभागीदारी गृहनिर्माण संस्था’ असा उपवर्ग असतो. फ्लॅट आपला, कर्ज आपण फेडलं, मग भाडेकरू कोण? या शब्दांचं मूळ शोधत गेलं की आपण इंग्लंडात पोचतो, आणि तिथं ईलिंगची गोष्ट ऐकावीच लागते.

लंडनच्या पश्चिमेचं ईलिंग हे मूळचं शेती-बागायतीचं खेडं. लंडनच्या घोड्यांना गवत लागे, माणसांना भाजीपाला. दोन्ही या भागातून जाई. 1838 मध्ये रेल्वे स्टेशन झालं, तरी गाव लगेच पालटलं नाही. 1879 मध्ये डिस्ट्रिक्ट रेल्वे आली, लंडनला रोज जाणं-येणं सोपं झालं आणि शेतांचे भराभर प्लॉट पडू लागले. (बदलापूर-विरारकरांना हे वेगळं सांगायला नको!) 1901 मध्ये ईलिंगला ‘बरो’ म्हणजे नगरपालिकेचा दर्जा मिळाला, त्याच वर्षी विजेची ट्रामही धावू लागली.

पण नवे बंगले साहेबलोकांचे. ते बांधणाऱ्या सुतार-गवंड्यांना परवडेल असं चांगलं घर तिथं मिळेना. त्यांनी 1901 मध्येच एका पबमध्ये बैठक घेऊन ‘ईलिंग टेनंट्स लिमिटेड’ काढली. पुढारी हेन्री व्हिव्हियन. स्वतः सुतार, पुढे खासदार झाले. पद्धत अशी, की घरं संस्थेची. राहणाऱ्याने शेअर घ्यायचे आणि भाडंही भरायचं. भांडवलावर ठरावीक व्याज देऊन जो नफा उरेल, तो भाडेकरूंच्याच नावे शेअर म्हणून जमा. म्हणजे भाडेकरूच भागीदार! सुरुवात अवघ्या नऊ घरांनी झाली. 1915 पर्यंत सुमारे सहाशे घरांचं ‘ब्रेंटहॅम’ उभं राहिलं, क्लब आणि टेनिस कोर्टासकट. 1934 पासून सलग तीनदा विम्बल्डन जिंकणारा फ्रेड पेरी याच वस्तीत टेनिस शिकला.

आपल्याकडे 1915 मध्ये गावदेवीला रावबहादूर तळमकींच्या पुढाकाराने सारस्वत सोसायटी झाली, तीही सहभागीदारीच्याच पद्धतीची.

ब्रेंटहॅममध्ये मात्र शेअर बाहेरच्यांनीही घेतले होते, आणि मोठा पैसा त्यांचाच होता. 1930 नंतरच्या दशकात संस्थेचा ताबा मालमत्तेचा धंदा करणाऱ्या कंपनीकडे गेला. भाडेकरू गेला की घर विकायचं, असं सुरू झालं आणि भागीदारी हळूहळू संपली. घरं मात्र शाबूत आहेत. 1969 मध्ये तो भाग संरक्षित ठरला. आज तिथं दर्शनी खिडकी बदलायची तरी परवानगी काढावी लागते.