वंश, सौंदर्य आणि प्राध्यापक लॉक

दिवाळी अंकात तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाची हकीकत दिसली की ते पान चिवड्याच्या बशीखाली जाते, याची मला कल्पना आहे. तरीही यंदा हे धाडस करतो आहे. हा प्राध्यापक साधा नव्हता. उंची जेमतेम पाच फूट, हृदय लहानपणापासून अधू, आवाज बेताचा. पण जन्मभर त्याने दोनच प्रश्नांचा पिच्छा पुरवला. वंश म्हणजे नेमके काय, आणि सुंदर कशाला म्हणायचे हे ठरवणार कोण? हे दोन प्रश्न मुळात एकच आहेत, असे त्याला वाटे. का वाटे, ते सांगण्यासाठीच ही पाने.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिले आणि ते अर्पण केले अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. निग्रोंना दास्यातून सोडवले म्हणून. पुण्यात बसून साता समुद्रांपलीकडच्या गुलामांची आठवण ठेवणारा हा माणूस! पण त्या मुक्त झालेल्यांचे पुढे काय झाले, हे आपल्याकडे फारसे कोणी विचारले नाही. जोतीरावांच्या पुस्तकानंतर बारा वर्षांनी, १३ सप्टेंबर १८८५ रोजी, फिलाडेल्फिया शहरात अलेन लॉकचा जन्म झाला. घराणे काळ्यांमधले सुशिक्षित. वडील प्लायनी लॉक हॉवर्ड विद्यापीठातून कायदा शिकलेले, पण नोकरी टपालखात्यात. मुलगा सहा वर्षांचा असताना ते गेले. मग आई मेरी लॉक हीच सर्व काही. नदीपलीकडच्या कॅम्डेन गावी ती शाळामास्तरीण होती. संधिवाताच्या तापाने मुलाचे हृदय दुखावले, मैदानी खेळ बंद झाले. तेव्हा आईने पुस्तके आणि संगीत पुढे ठेवले. पुढे हा मुलगा जिथे जिथे गेला तिथून आईला पत्रे लिहीत राहिला. त्या पत्रांचे गठ्ठेच्या गठ्ठे आज हॉवर्ड विद्यापीठाच्या दप्तरखान्यात आहेत.

१९०४ साली अलेन हार्वर्डला गेला. जोसाया रॉइस, विल्यम जेम्स अशा दिग्गजांचा तो काळ. अभ्यासक्रम त्याने तीन वर्षांत उत्तम गुणांनी पुरा केला आणि १९०७ साली त्याला ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळाली. ही शिष्यवृत्ती मिळवणारा तो पहिला काळा अमेरिकन. दुसरा कधी मिळाला म्हणता? १९६३ साली! मधल्या छप्पन्न वर्षांत एकही योग्य काळा विद्यार्थी निपजला नाही, असे ज्यांना मानायचे असेल त्यांनी खुशाल मानावे.

ऑक्सफर्डने या विद्वानाचे स्वागत कसे केले? एकामागून एक कॉलेजांनी दार लावून घेतले. अखेर हर्टफर्ड कॉलेजने जागा दिली. दक्षिणेकडच्या गोऱ्या अमेरिकन विद्यार्थ्यांनी तक्रारी केल्या. अमेरिकन क्लबची थँक्सगिव्हिंगची मेजवानी झाली, तिला त्याला बोलावणे नव्हते. स्वदेशीयांच्या पंगतीतून परदेशात उठवले जाण्याचा हा अनुभव, आपल्या वाचकांना फोड करून सांगायला नको. हार्वर्डात त्याला शिकवलेला होरेस कॅलेन हा तरुण ज्यू तत्त्वज्ञ त्या वेळी ऑक्सफर्डातच होता. त्याने त्या मेजवानीवर बहिष्कार घातला. दोघांच्या गप्पा होत. वंशाने काय फरक पडतो, असे एकाने म्हणावे. पडतो, आणि तो पडला म्हणून बिघडत नाही, असे दुसऱ्याने. ‘सांस्कृतिक बहुविधता’ हा शब्दप्रयोग त्या गप्पांतून आपल्याला सुचला, असे कॅलेन पुढे सांगत असत. आज जगभर घासून गुळगुळीत झालेल्या या शब्दाच्या मुळाशी एक न मिळालेले जेवण आहे!

ऑक्सफर्डात कॉस्मोपॉलिटन क्लब नावाची एक मंडळी होती. साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांतून आलेली पोरे तिथे जमत. दक्षिण आफ्रिकेचा सेमे हा लॉकचा तिथला सोबती. पुढे १९१२ साली त्याने आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेतला. लॉक ऑक्सफर्डहून पदवीविनाच निघाला आणि बर्लिनला गेला. परंतु अमेरिकेतला काळा प्रश्न हा एका देशाचा घरगुती प्रश्न नसून साम्राज्याचाच एक तुकडा आहे, हे त्याच्या मनावर ठसले ते याच वर्षांत.

१९१२ साली तो वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात शिकवू लागला. आता मुलगा प्राध्यापक झाला, तेव्हा आपणही अहोजाहो करू.

हॉवर्ड हे काळ्यांचे विद्यापीठ, १८६७ साली स्थापन झालेले. पण कारभारी आणि अध्यक्ष मात्र गोरे. लॉक यांनी वंश या विषयाचा अभ्यासक्रम सुरू करण्याची परवानगी मागितली. विश्वस्तांनी ती नाकारली. काळ्यांच्या विद्यापीठात वंशाचा अभ्यास नको! मग लॉक यांनी १९१५ साली आणि पुन्हा १९१६ च्या वसंतात हीच व्याख्याने अभ्यासक्रमाबाहेर, विद्यार्थ्यांच्या आणि नागरी हक्कांच्या मंडळांच्या आश्रयाने दिली. पाच व्याख्याने. त्यांचा मथितार्थ असा: कवटी मोजून आणि कातडी पाहून माणसांचे कायमचे वर्ग पाडणारे शास्त्र हे शास्त्रच नव्हे, कारण ते वर्ग स्थिर राहतच नाहीत. मग हा भेद जगात एवढा खरा का वाटतो? एका समाजाने दुसऱ्यावर राज्य केले म्हणून. आधी सत्ता येते, मागाहून तिला शोभेलसा सिद्धांत शिवून घेतला जातो. इथवर पुष्कळजण आले असते. लॉक यांचे वेगळेपण याच्या पुढच्या पावलात आहे. रक्तातला वंश खोटा असला तरी इतिहासाने घडवलेला समाज खरा असतो, असे ते म्हणतात. एकत्र सोसलेले दुःख, एकत्र गायिलेली गाणी, चालीरीती ही वारशाने येतात; पण ती रक्ताने येत नाहीत, सहवासाने येतात. तेव्हा खोट्या वंशाचा अपमान झटकून टाका आणि खऱ्या वारशाचे भांडवल करा.

इथे मला थांबल्याशिवाय राहवत नाही. ज्या वसंतात वॉशिंग्टनमध्ये ही व्याख्याने चालली होती त्याच वसंतात, ९ मे १९१६ रोजी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी ‘भारतातील जाती’ हा आपला निबंध वाचला. जात ही वंशभेदातून उपजलेली नाही, हिंदी लोक वंशाने सरमिसळ आहेत. जातीचे मर्म आपसांतच सोयरीक करण्याच्या बंधनात आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. तो निबंध गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गात वाचला गेला. गोल्डनवायझर हे मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांचे शिष्य. आणि लॉक यांच्या व्याख्यानांचा शास्त्रीय आधारही बोआसच. दोघांची गाठ घालून देण्याचा मोह मी आवरतो. परंतु दोन शहरांत, एकाच झऱ्याचे पाणी पिऊन, दोन अवमानित समाजांचे दोन तरुण विद्वान एकाच महिन्या-दोन महिन्यांत रक्ताच्या सिद्धांताची पाळेमुळे खणत होते, ही गोष्ट खरी. लॉक यांची ती व्याख्याने छापून निघाली ती मात्र १९९२ साली.

१९१८ मध्ये हार्वर्डने त्यांना डॉक्टरेट दिली. प्रबंधाचा विषय मूल्यमीमांसा. नाव ऐकून घाबरू नये. समजा, अंगणात पणती लावली आहे. आजी तिला हात जोडते, नात तिचे चित्र काढते, आणि वडील तेलाचा हिशेब करतात. पणती एकच, पण पवित्र, सुंदर, उपयुक्त ही तिची मूल्ये पाहणाऱ्याच्या भावनेचा सूर बदलेल तशी बदलतात. मूल्य वस्तूला चिकटलेले नसते, असा लॉक यांचा सिद्धांत. १९३५ सालच्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधात तो पूर्णपणे उमलला. आता पणतीच्या जागी आफ्रिकेतला लाकडी मुखवटा ठेवा. युरोपच्या संग्रहालयांनी तो ‘रानटी जमातींच्या वस्तू’ म्हणून कपाटात ठेवला होता. पॅरिसच्या चित्रकारांनी तोच पाहिला आणि त्यांची चित्रकलाच पालटली. मुखवटा तोच होता. तेव्हा आमची अभिरुची म्हणजेच विश्वाची अभिरुची, असे जो समाज म्हणतो तो कलेविषयी बोलत नसून सत्तेविषयी बोलत असतो. वंशाचा प्रश्न आणि सौंदर्याचा प्रश्न एक होतात ते इथे.

१९२२ साली आई गेली. लॉक यांनी तिला उत्तम पोशाख करवून दिवाणखान्यात कोचावर बसवले आणि भेटीला येणाऱ्यांना चहा दिला. लोक चकित झाले. मला त्यात विक्षिप्तपणापेक्षा जन्मभराची एकाकी माया दिसते. ते पुरुषांवर प्रेम करणारे होते, आणि त्या काळच्या अमेरिकेत ही गोष्ट झाकून ठेवूनच जगावे लागे; आईपाठोपाठ घर असे उरलेच नाही.

यानंतरची तीन वर्षे मात्र अशी गेली की इतिहासाने त्यांचे नाव त्यांवर कोरले. २१ मार्च १९२४ रोजी न्यूयॉर्कच्या सिव्हिक क्लबात तरुण काळ्या लेखकांसाठी मेजवानी झाली. (या माणसाच्या आयुष्यात मेजवान्याच फार!) सूत्रधार लॉक. तिथे ‘सर्व्हे ग्राफिक’ मासिकाचे संपादक पॉल केलॉग यांनी हार्लेमवर एक खास अंक काढण्याचे ठरवले आणि तो लॉक यांच्या हाती सोपवला. मार्च १९२५ चा तो अंक हातोहात खपला. दोनदा छापावा लागला. वर्षअखेर त्याचेच वाढवून ‘द न्यू निग्रो’ हे पुस्तक झाले. लँग्स्टन ह्यूज, काउंटी कलन, जीन टूमर, झोरा नील हर्स्टन यांची नावे त्यात एकत्र आली. चित्रे काढली जर्मनीहून आलेल्या विनोल्ड राइस यांनी आणि तरुण ॲरन डग्लस यांनी. ‘निग्रो’ हा शब्द आज कोणी सभ्य माणूस तोंडी आणत नाही. त्या पिढीने मात्र तो ताठ मानेने मिरवला. एका विशेषांकाने साहित्याचे युग उघडावे, हे दिवाळी अंकांच्या मुलखात राहणाऱ्या आपल्याला तरी अशक्य वाटू नये.

आणि त्याच १९२५ च्या जूनमध्ये हॉवर्डने त्यांना नोकरीवरून काढले! काळ्या अध्यापकांना गोऱ्यांच्या बरोबरीने वेतन द्या, असे ते म्हणत होते. तीन वर्षे गेली, मॉर्डेकाय जॉन्सन हे पहिले काळे अध्यक्ष आले, तेव्हा कुठे लॉक यांचे पुन्हा वर्गात पाऊल पडले.

त्यांच्यावर टीका करण्याजोगेही पुष्कळ आहे. कवी क्लॉड मॅके यांनी त्या अंकासाठी ‘द व्हाइट हाउस’ ही कविता दिली होती. गोऱ्यांचे बंद दार हा तिचा विषय. लॉक यांना भीती पडली की लोक राष्ट्राध्यक्षांच्या वाड्याशी संबंध जोडतील. त्यांनी कवीला न विचारता मथळ्याचे अनेकवचन करून टाकले. मॅके संतापले, आणि ते रास्तच होते. सौंदर्याचा पुरस्कर्ता इथे भित्र्या कारकुनासारखा वागला. श्रीमंत गोऱ्या आश्रयदात्या शार्लट मेसन यांच्या कलाने चालण्याची त्यांची सवयही त्यांच्या काही शिष्यांना खुपली.

मोठा वाद झाला तो विल्यम ड्यू बॉइस यांच्याशी. सगळी कला हा प्रचारच आहे आणि तसाच असावा, असे ड्यू बॉइस यांनी १९२६ साली ठणकावले. लॉक यांनी १९२८ मध्ये उत्तर दिले: प्रचार करणारा सतत दुसऱ्याकडे तोंड करून बोलत राहतो, त्याला पटवण्यात आपले श्रेष्ठत्व सिद्ध करू पाहतो आणि अशाने त्याचे श्रेष्ठत्व मान्यच करून बसतो. आपण आपल्याशी बोलावे. फडके-खांडेकरांच्या वादावर पोसलेल्या मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटेल, पण फरक ध्यानात घ्यावा. आपला वाद बहुतांशी पांढरपेशांच्या बैठकीतला होता. हार्लेमात प्रश्न असा होता की ज्याच्या गळ्यात फास आहे त्याने गाणे म्हणावे की आरोळी ठोकावी? हा प्रश्न आपल्याकडेही पुढे आलाच. १९६० नंतर दलित लेखक लिहू लागले तेव्हा समीक्षकांनी हेच विचारले, हे साहित्य की प्रचार? म. ना. वानखेडे यांच्यासारखे अमेरिकेत शिकून आलेले प्राध्यापक त्या लेखकांना काळ्यांच्या साहित्याचा दाखला देत होते. माझे मत विचाराल तर विचारात ड्यू बॉइस तोकडे पडतात आणि व्यवहारात लॉक. आरोळीलाही सूर असतो, हे दोघांनाही तरुण लँग्स्टन ह्यूजने लिहून दाखवले.

उरलेली वर्षे त्यांनी शिकवण्यात घालवली. १९३६ पासून त्यांनी प्रौढ वाचकांसाठी स्वस्त ‘ब्राँझ’ पुस्तिकांची माला संपादित केली. राल्फ बंच आणि पुढे त्रिनिदादचे पंतप्रधान झालेले एरिक विल्यम्स यांनी तीत लिहिले. ते १९५३ साली निवृत्त झाले. त्याच वर्षी हॉवर्डमधून टोनी मॉरिसन ही विद्यार्थिनी पदवी घेऊन बाहेर पडली. १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवला. ९ जूनला न्यूयॉर्कच्या रुग्णालयात लॉक यांचे ते अधू हृदय थांबले.

दहन झाले, पण अस्थी कोणाकडे ना कोणाकडे पडून राहिल्या. अखेर १३ सप्टेंबर २०१४ रोजी, त्यांच्या जन्मदिवशी, वॉशिंग्टनच्या काँग्रेशनल दफनभूमीत त्यांना जागा मिळाली. ती मिळवून देण्यात पुढच्या पिढ्यांचे काळे ऱ्होड्स विद्यार्थी होते. समाधीच्या दगडामागे एका आफ्रिकन स्त्रीचा चेहरा कोरला आहे, त्यामागे सूर्याचे किरण. ॲरन डग्लस यांनी लॉक यांच्या पुस्तकांवर चिकटवण्यासाठी पूर्वी एक चिठ्ठी काढून दिली होती, त्यावरचेच ते चित्र.