जोगेश्वरीचा हिंवाळा

मुंबईच्या हिंवाळ्याची थट्टा करण्याची चाल जुनी आहे. परंतु हीं उपनगरें ज्या साष्टी बेटावर वसलीं, त्याच्या जीवनांत या अल्प थंडीनें केलेलें कार्य उपेक्षणीय नाहीं. जोगेश्वरी हें त्याचें चांगलें उदाहरण होय.

नैर्ऋत्येचा पाऊस सरला कीं वारा पालटतो. रात्रीं जमिनीवरून समुद्राकडे कोरडा मतलई वारा वाहूं लागतो. कुलाब्याला तिन्ही बाजूंनीं सागराची ऊब. जोगेश्वरीच्या पूर्वेस मात्र आरेचें रान व डोंगर. म्हणून इकडील रात्री अधिक गार. जानेवारी १९६२ मध्यें जवळच्याच सांताक्रूझ येथें पारा ७·४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता.

या गारव्याची वर्दी प्रथम निसर्गाला पोंचते. सांवरीचीं पानें झडतात, आंबा मोहोरतो, उत्तरेकडील धोबी पक्षी उतरतात. सहाव्या शतकांतील जोगेश्वरीचें शैव लेणें जमिनीच्या पातळीखालीं आहे. पावसाळ्यांत तेथें झिरपलेलें पाणी याच दिवसांत हळूहळू ओसरतें. साष्टीचें मुख्य पीक भात. तें कापून झाल्यावर उरलेल्या ओलीवर वाल पेरावा व तो पहाटेच्या दंवावर पोसावा, ही कोंकणची जुनी रीत.

१९५० मध्यें बृहन्मुंबईची हद्द पश्चिमेकडील लोहमार्गावर जोगेश्वरीपर्यंत आली; १९५७ मध्यें ती दहिसरपर्यंत सरकली. शेतांच्या जागीं कारखाने, चाळी व इमारती उभ्या राहिल्या. ऋतु तोच राहिला, भूमि पालटली. हिंवाळ्याच्या रात्रीं जमीन लवकर निवते. तिच्यालगतची हवा थंड व जड होऊन खालीं बसते आणि वरच्या उबदार हवेचें जणूं झांकण पडतें. पूर्वीं त्या निश्चल हवेंत शेतांवर दंव उतरे. आज तिच्यांत वाहनांचा धूर व बांधकामांची धूळ कोंडून राहते. ऑक्टोबर २०२३ मध्यें महानगरपालिकेला बांधकामांच्या धुळीसंबंधीं नियम जाहीर करावे लागले, आणि उच्च न्यायालयानेंही या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली.

ज्या थंडीची वाट पाहावी, तिच्याच आगमनानें वृद्धांना व बालकांना खोकल्याचें भय वाटावें, हा मोठा पालट होय. आरेचें जें रान उरलें आहे, तें जुन्या गारव्याचें कोठार आहे. तें जपलें आणि धूळ आवरली, तर जोगेश्वरीच्या पुढील पिढ्यांना पहाटेच्या थंडींत छाती भरून श्वास घेतां येईल.