घासलेल्या काचेची गोष्ट

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आमच्या अम्मीला फोटो काढून घेणे आवडत नसे. थोडा धर्माचा संकोच, थोडा स्वभाव. एका ईदला मात्र नातवंडांच्या हट्टापुढे तिचे काही चालले नाही आणि ती खिडकीपाशी बसली. नव्या डिजिटल कॅमेऱ्याला मी माझी जुनी लेन्स लावली होती, पन्नास मिलिमीटरची, एफ १.४. फोकस हाताने केला. आत डोकावून पाहिले तेव्हा तिचे डोळे लख्ख दिसले. संगणकावर फोटो मोठे केले तर एकात बुगडीचे मोती स्पष्ट, दुसऱ्यात ओढणीची कड स्पष्ट, आणि डोळे सगळ्यांत धुरकट. पुढच्या ईदला अम्मी नव्हती.

चाळिशी लागलेलीच होती, म्हणून मी बरीच वर्षे स्वतःच्या नजरेला दोष देत राहिलो. खरा दोष कॅमेऱ्यातल्या एका छोट्या पडद्याचा होता, हे फार उशिरा कळले. त्याला फोकसिंग स्क्रीन म्हणतात. लेन्समधून आलेले चित्र आरशावरून या पडद्यावर पडते आणि आपण तेच पाहत असतो. तो बदलता येतो हेही मला ठाऊक नव्हते. कोणता घ्यावा हे शोधताना मी त्याच्या इतिहासातच शिरलो.

सुरुवात अंधाऱ्या खोलीपासून होते. बसऱ्यात ९६५ च्या सुमारास जन्मलेल्या इब्न अल्-हैथम यांनी ग्रहणातल्या सूर्याची कोर बारीक छिद्रातून पलीकडे कशी उमटते, यावर स्वतंत्र प्रबंध लिहिला. आमच्यातली काही उत्साही मंडळी 'कॅमेरा' हा शब्दच अरबी असल्याचे सांगतात. तसे नाही. तो लॅटिन आहे, अर्थ खोली. त्या विद्वानाचे मोठेपण सिद्ध करायला उसन्या व्युत्पत्तीची गरज नाही.

पुढे युरोपात खोलीची पेटी झाली, छिद्राच्या जागी भिंग आले. १६८५ मध्ये योहान झान या जर्मन पाद्र्याने पेटीत तिरका आरसा आणि वर काच असलेल्या यंत्राची चित्रे छापली. काच घासून धुरकट केलेली असे. स्वच्छ काचेतून प्रकाश सरळ निघून जातो, घासलेल्या काचेवर तो अडतो, पसरतो आणि चित्र दिसते. अस्पष्ट काचेवरच स्पष्ट काय ते कळते, हा या कथेतला मला सर्वात आवडलेला भाग.

१८३९ मध्ये दागेरची छायाचित्रणपद्धत जाहीर झाली आणि ही काच कॅमेऱ्याच्या पाठीशी आली. छायाचित्रकार काळ्या कापडात डोके घालून उलटे चित्र पाही, फोकस करी, मग काच काढून नेमक्या त्याच जागी रसायन लावलेली प्लेट ठेवी. जागा केसभर चुकली तरी मेहनत वाया. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हा तिथल्या हौशी मंडळींनाही हीच कसरत होती. प्लेट बसेपर्यंत समोरच्याने हलायचे नाही. जुन्या फोटोंतली माणसे इतकी गंभीर का दिसतात, याचे एक कारण हेही असावे.

१९२९ चा रोलायफ्लेक्स आला आणि पाहायची व टिपायची लेन्स वेगळी झाली. होमाई व्यारावाला यांच्या हातात हा कॅमेरा असे. पण मान खाली घालून काचेवर पाहायचे आणि डावे-उजवे उलटे दिसायचे. १९३६ च्या किने एक्झाक्टाने आरसा आणि पस्तीस मिलिमीटरची फिल्म एकत्र आणली. १९४९ च्या कॉन्टॅक्स एसने वर पंचकोनी लोलक बसवला आणि डोळ्याला लावलेल्या कॅमेऱ्यात जग सुलटे दिसू लागले.

निवडीचा प्रश्न खऱ्या अर्थाने आला तो १९५९ मध्ये, निकॉन एफबरोबर. यात पडदा बदलता येई आणि कामागणिक वेगळा पडदा मिळे. एकात मध्यभागी दुभंगलेले वर्तुळ. त्यात विरुद्ध उतारांचे दोन चिमुकले लोलक असतात. फोकस चुकला की खांबाचे दोन तुकडे बाजूला सरकतात, जुळला की खांब एकसंध. दुसऱ्यात बारीक पिरॅमिडांचा पट्टा, फोकस नसेल तर चित्र थरथरते. तिसरा नुसता घासलेला. चौथ्यावर आडव्या-उभ्या रेघा, इमारती सरळ याव्यात म्हणून.

मग घोटाळा कुठे झाला? १९८५ मध्ये मिनोल्टा ७००० आला आणि फोकस यंत्राकडे गेला. आरशातून थोडा प्रकाश खालच्या संवेदकांकडे वळवावा लागला. त्यातच कमी उजेड देणाऱ्या झूम लेन्स घरोघर झाल्या. चित्र अंधारे दिसू नये म्हणून पडदे अधिक उजळ केले गेले. उजळ म्हणजे प्रकाश कमी पसरवणारे. त्यामुळे डोळ्यापर्यंत लेन्सच्या मधल्या भागाचाच प्रकाश पोचतो आणि एफ १.४ ची लेन्स लावली तरी आत चित्र एफ २.८ च्या आसपासचे दिसते. जे धुरकट आहे तेही स्पष्ट भासते. अम्मीचे लख्ख डोळे असे होते. यंत्र फोकस करत असेल तर यात काही बिघडत नाही. हाताने करणाऱ्याची मात्र शुद्ध फसवणूक.

कॅननने २००५ च्या ५डी साठी वेगळा पडदा दिला होता. एफ २.८ किंवा त्याहून उजळ लेन्सवर तो फोकस नेमका दाखवी, अंधाऱ्या लेन्सवर मात्र चित्र काळवंडे. हाच सौदा सगळीकडे आहे. दुभंगलेले वर्तुळही साधारण एफ ५.६ च्या पुढे दगा देते, त्याचा एक अर्धा भाग काळा पडतो. म्हणून पडदा निवडताना आधी आपल्याजवळच्या लेन्स पाहाव्यात. झूम वापरणाऱ्याने मूळ पडद्याला हात लावू नये. उजळ लेन्सवर माणसांचे चेहरे टिपणाऱ्याने खडबडीत घासलेला किंवा दुभंगलेल्या वर्तुळाचा घ्यावा. बऱ्याच कॅमेऱ्यांत उजेडाचे मोजमाप याच पडद्यावरून होते. तेव्हा बदलल्यावर त्याची नोंद कॅमेऱ्यात करावी लागते, नाहीतर फोटो काळे किंवा पांढरे येतात.

मी दुभंगलेल्या वर्तुळाचा घेतला. तो प्लास्टिकचा असतो, बोट लागले की कायमचा ओरखडा. चिमट्याने कडेला धरून बसवला. पहिल्या दिवशी पुन्हा तोच धुरकटपणा! पडदा दशांश मिलिमीटरने जरी खालीवर बसला तरी दिसते एक आणि टिपले जाते दुसरे. टेबलावर पट्टी तिरकी ठेवून दहाच्या आकड्यावर फोकस केला, फोटोत बारा स्पष्ट आला. पडद्याखाली पातळ पत्र्याची चकती घालून, पुन्हा पट्टी, पुन्हा फोटो, असे चार संध्याकाळी चालले.

आता मिररलेस कॅमेरे आले आहेत, त्यांत आरसाही नाही आणि ही काचही नाही. चित्र थेट छोट्या पडद्यावर मोठे करून पाहता येते, आणि फोकससाठी ते अधिक खात्रीचे आहे हे मान्य करायला हवे. तरी मी अजून जुन्याच कॅमेऱ्यावर आहे. परवा शेजारच्या आजीबाई ओट्यावर बसल्या होत्या. त्यांच्या पापणीवर वर्तुळाची रेघ आणली, दोन तुकडे जुळले, आणि त्या म्हणाल्या, "किती वेळ बघतोस रे?"